पूजेला बसण्याआधी : नव्याने देवघर हाती घेणाऱ्यांसाठी

वाईत दर वर्षी नवी बिऱ्हाडं येतात. कुणाची बदली झालेली, कुणाला साताऱ्यात नाहीतर शिरवळच्या कारखान्यात नोकरी लागलेली, कुणी निवृत्त होऊन कृष्णाकाठी राहायला आलेलं. सामानाच्या टेम्पोतून देव्हाराही येतो आणि चार-सहा दिवसांत कुणीतरी विचारतंच, "आमच्याकडे हे सगळं सासूबाई बघायच्या. आता आमच्यावर आलंय. सोवळंबिवळं काही जमत नाही. चालेल का?"

चालेल. मात्र चालेल याचा अर्थ कसंही उरकलं तरी चालेल, असा नाही. आपल्याकडे पूजेची तयारी शरीर, जागा, वाणी आणि मन या सगळ्यांची असते, आणि पूजेच्या विधीतच ती टप्प्याटप्प्याने लावून दिलेली आहे. हे टप्पे ओळीने केले की माणूस आपोआप देवासमोर बसण्याजोगा होतो. आधी पूर्ण शुद्ध व्हायचं आणि मगच देवाकडे जायचं, असा हिशेब धरलात तर जन्मभर बाहेरच उभे राहाल.

पुढचं सगळं साध्या घरच्या पूजेसाठी आहे. सत्यनारायण, रुद्राभिषेक, प्राणप्रतिष्ठा यांना गुरुजी बोलवा, ते सांगतील तसं करा.

आदल्या रात्री

पूजेची सुरुवात रात्रीच होते. ताम्हण, पळी-पंचपात्री, तांब्या, निरांजन रात्रीच घासून पालथं घालून ठेवा. तांब्याला चिंच आणि मीठ पुरतं. पितांबरी वापरलीत तर शेवटी भरपूर पाण्याने धुवा, कोपऱ्यात पावडर राहते आणि तीच सकाळी तीर्थात उतरते. फुलवाती, कापसाची वस्त्रं, उदबत्ती, काड्यापेटी, अक्षता हे सगळं एका डब्यात राहू द्या. सकाळी वाती शोधत घरभर फिरलं की डोकं तापतं आणि तापल्या डोक्याने केलेली पूजा बहुधा भांडी आपटतच होते.

फुलं मात्र रात्री तोडू नयेत. सकाळी अंगणातली घ्या किंवा ढोल्या गणपतीच्या रस्त्याला घ्या. फुलं नसतीलच तर अक्षता वाहायच्या. कुठलाही उपचार, म्हणजे देवाला अर्पण करायची एखादी गोष्ट, कमी पडला की त्याच्या जागी अक्षता, ही सोय शास्त्रानेच करून ठेवली आहे.

आणखी एक काम रात्रीचंच. घरात कुणाशी वाजलं असेल तर ते झोपण्यापूर्वी मिटवा. निदान "उद्या बोलू" एवढं तरी म्हणा. याबद्दल पुढे लिहितोच.

अंघोळ

आधी दात, मग पोट, मग अंघोळ. चहा घेऊन पूजा करायची की पूजा करून चहा, यावर घराघरात वाद आहेत. जमत असेल तर पूजेनंतर घ्या. मधुमेह असेल, सकाळची गोळी उपाशीपोटी घ्यायची नसेल, तर खुशाल खाऊन घ्या आणि चूळ भरून बसा.

अंघोळीच्या पाण्यात नद्यांना बोलावण्याचा श्लोक बहुतेकांना येतो : गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति, नर्मदे सिन्धु कावेरि जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु. नीट ऐकलंत तर यात सात नद्या आहेत आणि आपली कृष्णा नाही. महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरापासून निघून धोमवरून वाईत येणारी, जिचा उत्सव इथे घाटाघाटाने वेगवेगळा होतो, ती कृष्णाबाई या यादीत नसावी हे आम्हा वाईकरांना जरा लागतं. मी श्लोक झाला की तिचं नाव स्वतःहून घेतो. कुणी हरकत घेतलेली नाही.

ज्यांना अंघोळ जमत नाही, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर सांगतो. ऑपरेशन झालेलं, ताप आलेला, म्हातारपण, प्लास्टर. अशी माणसं "आज पारोसा आहे, देवाला हात नको" म्हणून दूर बसतात. खरं तर परंपरेने सात स्नानं सांगितली आहेत. पाण्यात बुडी मारून किंवा डोक्यावरून पाणी घेऊन केलेलं ते वारुण स्नान, आणि आपण फक्त त्यालाच अंघोळ समजतो. मंत्र म्हणत अंगावर पाणी शिंपडणं हे मांत्र, पवित्र माती लावणं हे भौम, भस्म लावणं हे आग्नेय, गाईंच्या खुरांची धूळ अंगावर येणं हे वायव्य, ऊन असताना पडणाऱ्या पावसात भिजणं हे दिव्य आणि नुसतं देवाचं स्मरण करणं हे मानस स्नान. आजारी माणसाने ओल्या पंचाने अंग पुसावं, भस्माचं बोट कपाळाला लावावं आणि नाव घ्यावं. एवढ्याने त्याचं स्नान झालं. हा पळवाटेचा मार्ग नाही, सातांतलाच एक आहे.

नदीत अंघोळ करायची हौस असेल तर डोकं भिजवून या, पण साबण-शाम्पू घाटावर नेऊ नका. आणि ते पाणी आचमनाला वापरू नका. नदी पवित्र आहे म्हणून तिचं पाणी आज पिण्याजोगं आहे असं होत नाही. त्याला आपणच कारण आहोत.

काय नेसायचं

जुन्या घरांत सोवळं म्हणजे रेशमी कद, मुकटा, किंवा लोकरीची धाबळी. नाहीतर धुतलेलं सुती धोतर किंवा लुगडं, जे उंच वलणीवर काठीने वाळत घालायचं, म्हणजे त्याला कुणाचा हात लागत नसे. आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वलणी कुठून आणणार?

माझं मत असं की एक सुती जोड पूजेसाठी वेगळा काढा. धोतर-उपरणं, लुंगी, पंजाबी ड्रेस, साधी साडी, काहीही. रोज धुवायचा, त्यात जेवायचं नाही, स्वयंपाक करायचा नाही, झोपायचं नाही. पूजा झाली की बदलायचा. रेशमी कद धुतला नाही तरी शुद्धच राहतो असं सांगणारे भेटतील. वर्षभर न धुतलेल्या, घामाचा वास येणाऱ्या कदापेक्षा काल धुतलेलं सुती धोतर देवाला जवळचं वाटेल, अशी माझी खात्री आहे. वेगळ्या कपड्याचा खरा उपयोग हा की तो अंगावर चढला की हात मोबाइलकडे जात नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आवाज बंद करून. श्लोक मोबाइलवर वाचायचे असतील तर त्याऐवजी छोटीशी पोथी आणा किंवा वहीत उतरवून घ्या.

आसनावर

देवघर पुसा, कालचं निर्माल्य काढा, दोन बोटं रांगोळी काढा. पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून बसा. देव्हारा तसा बसत नसेल तर भिंत फोडू नका. आसन लोकरीचं, दर्भाचं किंवा जाड सतरंजीचं घ्या. थेट फरशीवर बसू नका. गुडघे दुखत असतील तर स्टुलावर बसा. समई आधी लावा, मग बाकीचं.

आता आचमन. नवीन माणूस इथेच अडखळतो. उजवा तळहात थोडा खोलगट करा, पळीने उडदाचा दाणा बुडेल एवढंच पाणी घ्या आणि अंगठ्याच्या बुडाकडून, आवाज न करता प्या. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, असं तीनदा. गोविंदाय नमः म्हणताना पाणी ताम्हणात सोडायचं. पुढची नावं हात जोडून, सगळी मिळून चोवीस. नावं पाठ नसतील तर पहिल्या चारांवर थांबा, बाकीची यथावकाश येतील. घोट घ्यायचा तो घसा ओला होण्याइतकाच. पूजेतलं प्रत्येक वाक्य ज्या घशातून निघायचं, तोच आधी धुवायचा असतो.

मग एक-दोन प्राणायाम. श्वास घ्या, थांबा, सोडा. ज्यांना दमा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी श्वास रोखू नये, सावकाश घ्यावा आणि सोडावा.

यानंतर देवतावंदन. आधी गणपती, मग इष्टदेवता, कुलदेवता, ग्रामदेवता, स्थानदेवता, वास्तुदेवता, आईवडील. पाठ म्हणून टाकू नका, प्रत्येक नावाला एक क्षण थांबा. कुलदेवता पालीचा खंडोबा असेल, शिखर शिंगणापूरचा शंभूमहादेव असेल, मांढरदेवची काळूबाई असेल, तो चेहरा डोळ्यांसमोर आणा. ग्रामदेवता मात्र तुम्ही आता जिथे राहता तिथली. नव्या गावात आलेल्या माणसाने हे विसरू नये.

संकल्पात जागा आणि वेळ सांगायची असते. आपल्याकडे "दंडकारण्ये देशे गोदावर्या दक्षिणे तीरे" म्हणतात, कारण सातारा जिल्हा गोदावरीच्या दक्षिणेला आहे. जळगाव-धुळ्याकडून आलेल्यांनी घरी "उत्तरे तीरे" ऐकलेलं असतं, त्यांनी इथे ते बदलून घ्यावं. पंचांग बघून तिथी-वार जमले तर उत्तम. न जमले तर मराठीत सांगा, मी अमुक, वाईतल्या माझ्या घरी, आज देवाची पूजा करतो. संकल्पात खोटं बोलू नका, एवढंच पथ्य. "विश्वकल्याणार्थ" म्हणायचं आणि मनात प्रमोशन, त्यापेक्षा सरळ "मुलाच्या परीक्षेसाठी" म्हणा. देवाला लाजण्याचं कारण नाही.

मग तुळशीच्या पानाने किंवा फुलाने स्वतःवर आणि पूजासाहित्यावर पाणी शिंपडायचं. तेव्हा म्हणायचा श्लोक "अपवित्रः पवित्रो वा" असा सुरू होतो. माणूस अपवित्र असो वा पवित्र, कुठल्याही अवस्थेत असो, जो पुंडरीकाक्षाला, म्हणजे विष्णूला, स्मरतो तो आतून-बाहेरून शुद्ध आहे, असं तो सांगतो. अंघोळ झाली, सोवळं नेसलं, आचमन झालं, आणि इतकं सगळं करून बसलेल्या माणसालाही विधी विचारतोय की बाबा, तू अपवित्र असशील किंवा नसशील, स्मरण कर. म्हणजे ज्याने हा क्रम लावला त्याला पुरतं ठाऊक होतं की अंघोळीने काम संपत नाही.

मनाचं काय करायचं

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन भाग सांगितले आहेत, शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. शरीराचं आपण वर पाहिलं. वाणीच्या तपात दुसऱ्याला न टोचणारं, खरं, गोड आणि हिताचं बोलणं येतं. मनाच्या तपात प्रसन्नता, सौम्यपणा, मौन, संयम. सोवळ्यात बसून सुनेवर खेकसणारे सासरे आणि मोलकरणीला घालूनपाडून बोलत फुलं निवडणाऱ्या बाई आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांचं पहिलं तप पुरं होतं आणि बाकीची दोन बुडतात.

करायचं काय, तर आसनावर बसण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. आज घरात कुणी माझ्यामुळे दुखावलंय का? आणि कुणाचे पैसे मी अडकवून ठेवलेत का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर उठा, त्या माणसाकडे जा, दोन शब्द बोला आणि मग येऊन बसा. समई तेवत राहते, पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. दुसऱ्याचं उत्तर हो असेल, दूधवाल्याचे, इस्त्रीवाल्याचे, कामाच्या बाईंचे पैसे राहिले असतील, तर ते आज देण्याचं ठरवा आणि द्या. देवापुढच्या ताटातला नैवेद्य कुणाच्या तरी थकलेल्या पगारातून आलेला नसावा.

राग येऊनच बसलात आणि तो जात नसेल, तर त्याच्याशी झटू नका. मोठ्याने एकेका उपचाराचं नाव घ्या. गंध लावताना "गंध", फूल वाहताना "फूल". हात जे करतोय तेच तोंडाने म्हणायचं. मन भरकटेल, आणा, पुन्हा भरकटेल. नाम घेण्याने हे सोपं होतं. माण तालुक्यातल्या गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी (1845-1913) जन्मभर लोकांना नामाचाच आग्रह धरला आणि दारात येणाऱ्याला जेवू घातलं. त्यांच्याकडे जाणारे लोक प्रकांड शुद्ध होते म्हणून जात नव्हते, प्रपंचात रुतलेले होते म्हणूनच जात होते. पूजेआधी एक माळ "श्रीराम जय राम जय जय राम" ओढून बघा, नुसत्या आचमनापेक्षा फरक पडतो.

सगळ्यात अवघड असते ती पूजा करणाऱ्याची घमेंड. आठ-दहा महिने नेमाने पूजा झाली की शेजारच्यांच्या देव्हाऱ्यावरची धूळ दिसू लागते. ती दिसली की समजावं, आता आपल्याला पुन्हा आचमनाची गरज आहे.

सुतक, विटाळ आणि शिवाशिव

सोयर म्हणजे घरात जन्म झाला म्हणून, सुतक म्हणजे मृत्यू झाला म्हणून. जवळच्या भावकीत साधारण दहा दिवस पाळतात, लांबच्या नात्यात तीन दिवस किंवा नुसती अंघोळ. नेमकं किती ते नात्यावर ठरतं, घरातल्या मोठ्यांना किंवा गुरुजींना विचारा. या दिवसांत देवाची पूजा थांबते, नाम थांबत नाही. ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला दहा दिवस समई-फुलांच्या कामातून मोकळं ठेवणं, हा मला त्यातला शहाणपणा वाटतो.

मासिक पाळीबद्दल घराघरांत वेगळं चालतं. ज्या बाईला त्या दिवसांत देवघरात जायचं नाही, तिने जाऊ नये. जिला जायचंय तिला अडवणारे आपण कोण? एक मात्र ठाम सांगतो, कुणालाही कोपऱ्यात बसवू नका, ताट सरकवू नका. स्मरणाला कुठलाही विटाळ नाही.

आणि शिवाशिव. सोवळं या नावाखाली आपल्याकडे शतकानुशतकं माणसांना देवळाबाहेर, पाणवठ्याबाहेर ठेवलं गेलं. ज्या वाईत वेदपाठशाळा आणि घाटावरचे शास्त्री यांचा दबदबा होता, त्याच वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (1901-1994) अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे मांडायला उभे राहिले आणि येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना त्या वादात त्यांनी शास्त्रार्थाची मदत केली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीत वाढवली. तेव्हा आज कुणी घरी आलं आणि तुम्ही पूजेत असाल, तर "हात लावू नका" म्हणायची वेळ आलीच तर ती सगळ्यांना सारखी म्हणा, सख्ख्या भावालासुद्धा. सोवळं तुमच्या अर्ध्या तासापुरतं आहे, समोरच्याच्या जन्माशी त्याचा संबंध नाही.

घाटावर आणि देवळात

ढोल्या गणपतीला जाताना पाय धुऊन आत जा, चामड्याचा पट्टा-पाकीट घरी ठेवता आलं तर ठेवा. गणपतीला दूर्वा न्या, तुळस नेऊ नका. शेजारच्या काशीविश्वेश्वराला बेल, केवडा नाही. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की घाटाच्या पायऱ्या शेवाळतात, तेव्हा पायरी उतरून पाणी घेण्याचा हट्ट नको, वरूनच नमस्कार करा.

इतर ठिकाणी नियम वेगळे असतात. काही देवळांत गाभाऱ्यात धोतर-सोवळ्याशिवाय सोडत नाहीत. औदुंबरला किंवा सज्जनगडावर जाण्याआधी तिथली पद्धत विचारून घ्या. सज्जनगड चढताना बोलणं कमी ठेवलंत तर वर समर्थांच्या समाधीपुढे पोचेपर्यंत निम्मी तयारी वाटेतच होते.

निर्माल्य नदीत टाकू नका. पुलावरून प्लास्टिकच्या पिशवीसकट फेकणारे अजूनही दिसतात आणि ते पुण्य करून आल्याच्या थाटात हात झटकतात. घाटाजवळ निर्माल्यासाठी कुंड असेल तर त्यात टाका. नाहीतर कुंडीतल्या मातीत पुरा, महिन्याभरात खत होतं, त्यावर जास्वंद छान येते.

वेळ नसेल त्या दिवशी

सातची एसटी पकडायची आहे, मूल रात्रभर जागलंय, पाणी आलेलं नाही. अशा दिवशी हातपाय धुवा, चूळ भरा, समई नाहीतर निरांजन लावा. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य एवढे पाच उपचार पुरतात, नैवेद्य खडीसाखरेचा. फूल नसेल तर अक्षता. पाच मिनिटं. तेही नाही जमलं तर एसटीत खिडकीशी बसून डोळे मिटा आणि मनातल्या मनात तीच पूजा क्रमाने करा, देवाला स्नान घाला, गंध लावा, फूल वाहा. मानसपूजा म्हणतात तिला, आणि तिच्यात फुलं कधी कमी पडत नाहीत. पाचवडच्या फाट्यापर्यंत आरतीला येता.

एखादा दिवस पूर्ण चुकला तर दंड-प्रायश्चित्त शोधत बसू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी पूजा करा आणि शेवटी क्षमाप्रार्थना म्हणा. "आवाहनं न जानामि" अशी तिची सुरुवात आहे. आवाहन मला येत नाही, पूजा कशी करायची ते कळत नाही, असं ती म्हणते, आणि सोळा उपचार यथासांग केलेल्या दिवशीसुद्धा तीच म्हणायची असते. ती झाली की तीर्थ घ्या, घरात सगळ्यांना द्या, पंचामृत उरलं असेल तर तांब्याच्या भांड्यात राहू देऊ नका, दह्याच्या आंबटपणाने कळकतं. समई फुंकून विझवू नका, तेल संपेपर्यंत राहू द्या. बाहेर जायचं असेल तर फुलाने किंवा पळीच्या टोकाने वात तेलात ओढून शांत करा.